कॅमेऱ्यातला मानपान

दाभोळेसरांबद्दल चांगलं बोलणारी माणसं पनवेलमध्ये शोधावी लागत नाहीत. उरण नाक्यापासून खारघरपर्यंत कुणाच्याही घरी लग्नाचा अल्बम काढायला सांगा, यजमान पान उलटता उलटता म्हणतील, "सर म्हणजे आपला माणूस." मी या आपल्या माणसाकडे सहा वर्षं अल्बम डिझाइन केले. मला तो माणूस आवडत नव्हता. पहिल्या महिन्यात आवडत नव्हता आणि सहाव्या वर्षी तर अजिबातच नाही. पाठीमागे बोलू नये वगैरे मला कुणी शिकवू नका, मी त्यांच्या तोंडावरही बोललेली आहे. त्यांनी ऐकलं नाही, एवढंच.

सर म्हणायचं म्हणून सर. आयुष्यात त्यांनी कुणाला काही शिकवलं नव्हतं. पण गळ्यात दोन कॅमेरे अडकवून मांडवात शिरणाऱ्या माणसाला हल्ली सर म्हणतात. अंगानं बुटके, केस काळेभोर रंगवलेले, आणि ज्या रुमालानं मान पुसायची त्याच रुमालानं लेन्स पुसायची सवय. मी लेन्सचं कापड आणून दिलं होतं. ते त्यांनी स्टुडिओतल्या देवाच्या फोटोखाली अंथरलं.

लोकांना हलवायची त्यांची एक पद्धत होती. दोन टाळ्या वाजवायच्या आणि नात्यानं हाका मारायच्या. नाव कधीच विचारलं नाही कुणाला. "नवरीचे काका, पुढे. नवऱ्याचे मोठे भाऊ, काकांशेजारी. मावशी, मागे. तुम्ही कोण? आत्या? आत्या, अजून मागे." टाळी वाजली की मंत्र म्हणणारे गुरुजीसुद्धा थांबायचे. बायका मुकाट्यानं मागे सरकायच्या, सरकताना पदर सारखा करायच्या, कारण त्यांना वाटायचं आपलाही फोटो निघतोय. निघत नव्हता. मला माहीत होतं, कारण दुसऱ्या दिवशी ते सगळे फोटो माझ्या पुढ्यात यायचे.

माझी जागा स्टुडिओच्या मागे, प्लायवूडच्या आडोशाला. समोर मॉनिटर, बाजूला प्रिंटर, डोक्यावर खरखरणारा पंखा. सर तिकडे पाय ठेवायचे नाहीत. मेमरी कार्ड आडोशावरून पुढे करायचे, सिनेमाच्या तिकीट खिडकीत हात घालावा तसे. त्यामुळे मी त्यांना बघितलं ते बहुतेक त्यांच्या फोटोंमधून. तो माणूस कुणाकडे बघतो आणि कुणाकडे बघत नाही, हे त्यांच्या बायकोपेक्षा मला जास्त कळलं असेल.

एक गोष्ट कबूल करते, नाहीतर मलाच बरं वाटणार नाही. रीळ होतं त्या काळातला हा माणूस उन्हात नुसता हात धरून उजेड ओळखायचा. कामावर उशिरा कधी गेला नाही. पण नवा कॅमेरा आला आणि त्यांनी डोळ्यांनी बघणं सोडून दिलं.

कॅमेऱ्यातलं ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. आताचे कॅमेरे माणसाचा चेहरा आपणहून ओळखतात. चेहऱ्याभोवती एक चौकट येते, आणि कॅमेरा तिथेच फोकस धरतो. समोर दहा चेहरे असतील तर साधारण जवळचा आणि मोठा दिसणारा पकडतो. सरांच्या कॅमेऱ्यात याच्यापुढची सोय होती. एखाद्याचा चेहरा आधीच टिपून ठेवायचा. मग कितीही गर्दी असू दे, कॅमेरा आधी तो चेहरा शोधणार. असे आठ चेहरे ठेवता येतात आणि त्यांना नंबर देता येतात, एक ते आठ. शाळेच्या मैदानावर आपलं पोर सापडावं म्हणून आईबापांसाठी केलेली सोय असावी ती. सरांनी तिच्यात लग्नाचा मानपान बसवला.

हळदीच्या दिवशी ते लवकर जायचे, चहा घ्यायचे आणि विचारायचे, "घरात शब्द कुणाचा चालतो?" लोक हसून कुणाकडे तरी बोट दाखवायचे. त्या माणसाला भिंतीशी उभा करून सर त्याचा चेहरा टिपायचे. तो पहिला नंबर. दुसऱ्या बाजूचा तसाच माणूस दुसरा. तिसरा गावचा पुढारी, चौथा विरोधी पक्षाचा पुढारी, कारण कुठला येईल सांगता येत नाही. एकदा कॅमेरा माझ्या हातात आला तेव्हा मी ती यादी बघितली. नवरा सहावा होता आणि नवरी सातवी.

मी म्हटलं, "सर, लग्न कुणाचं आहे?"

"नवरानवरी कुठे पळून जातात, मॅडम? ते स्टेजवरच असतात."

त्यात आणखी एक हट्ट. मागचं सगळं उडालं पाहिजे. म्हणजे लेन्स पूर्ण उघडी ठेवायची, एका चेहऱ्यावर फोकस, आणि त्याच्या हातभर पुढचं-मागचं सगळं वाफ धरलेल्या काचेतून बघितल्यासारखं. एकट्या माणसाचा फोटो असा छान दिसतो. वीस माणसांच्या ग्रुपमध्ये एक जण दिसतो आणि एकोणीस जण अंदाजानं ओळखावे लागतात. मी कितीदा सांगितलं, ग्रुपला तरी लेन्स थोडी बंद करा, सगळे येतील. सर म्हणायचे, "सगळे आले तर मोठा कोण ते कसं कळणार?"

पनवेलजवळच्या एका गावात हळद होती. आगरी घरातली हळद, म्हणजे लग्नापेक्षा दांडगी. स्टेजवर मागे भलामोठा फ्लेक्स, त्यावर 'भाऊं'चा, म्हणजे गावच्या पुढाऱ्याचा, चेहरा पुरुषभर उंचीचा. नवऱ्याला पोरांनी हळदीनं असा लेपला होता की नाक कुठलं आणि गाल कुठला कळेना. आता कॅमेऱ्याला काय कळणार? हळदीनं भरलेला गोळा त्याला चेहरा वाटला नाही. फ्लेक्सवरचे भाऊ मात्र यादीत तिसरे होतेच. दोनशे फोटोंमध्ये फ्लेक्सवरचे भाऊ मिशीच्या केसासकट स्पष्ट आणि पुढे पिवळा धुरळा. मी कपाळाला हात लावून बसले. सरांना बोलावलं. त्यांनी आडोशावरून मान काढून बघितलं आणि म्हणाले, "भाऊ छान आलेत."

मला वाटलं आता घरचे लोक स्टुडिओ डोक्यावर घेतील. कसलं काय. नवऱ्याच्या बापाला फोटो इतका आवडला की त्यानं तो मोठा करून घेतला आणि म्हणे भाऊंनाच नेऊन दिला. त्या दिवशी सर मला जे हसले ते मी विसरलेली नाही. "बघितलंत? फोटो बघणारा स्वतःला शोधत नाही, मॅडम. मोठ्या माणसाशेजारी आपण होतो का, ते शोधतो."

खारघरच्या एका कॉलेजात बक्षीस समारंभ होता तिथेही तेच. प्राचार्यांचा चेहरा पहिला नंबर. एका पाठोपाठ एक पोरं येतात, ढाल घेतात, जातात. सगळ्या फोटोंत प्राचार्य स्वच्छ आणि ढाल घेणारं पोर पुसट. पालकांचे फोन यायला लागले. एका मुलीची आई तर स्वतः आली, लेकीला पहिल्यांदा काही मिळालं होतं म्हणाली. सरांनी तिला बसायलाही सांगितलं नाही. ती गेल्यावर मला म्हणाले, "पोरं दरवर्षी बदलतात. प्राचार्य तेच राहतात. पुढच्या वर्षी आपल्याला कोण बोलावणार आहे?"

हे ऐकूनही दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले. घर नवीन पनवेलला, मुलगी बारावीत, नवऱ्याची नोकरी डळमळीत. नोकरी सोडणाऱ्या बायकांच्या गोष्टी ऐकायला बऱ्या असतात.

मग हिराबाई आल्या.

जासईच्या. पन्नाशीच्या असतील, पण उन्हानं रापलेला चेहरा त्याहून मोठा दिसे. कपाळावर हिरवं गोंदण, पुढचा एक दात अर्धा तुटलेला, डावा डोळा उजव्यापेक्षा जरा बारीक. लग्नाची ऑर्डर त्यांच्या दिरानं दिली होती. दिराचे ट्रेलर जासईच्या कंटेनर यार्डांत फिरतात, गावात त्याचा शब्द चालतो. हिराबाई मात्र लग्नाच्या चार दिवस आधी एकट्याच रिक्षानं स्टुडिओत आल्या. चप्पल बाहेर काढली. सर मोबाइलमध्ये होते.

"दादा, एक सांगाचं व्हतं," त्या म्हणाल्या. "माजा नि माज्या पोरीचा एक फोटो नीट काढा. एकच. लग्न झालं का पंधरा दिसांनी ती जाते मस्कतला. माज्याकडं दोघींचा एक पन फोटो नाय."

"काढू की," सर म्हणाले. मान वर नाही.

"ती बारकी व्हती तवा बाप गेला. मी मिठागरावं. फोटो काढाला कोन व्हता?"

"हो, हो. काढू."

मी आडोशातून बाहेर आले आणि त्यांना पाणी दिलं. त्यांनी मला पुन्हा तेच सगळं पहिल्यापासून सांगितलं. सरांनी ऐकलं नाही हे त्यांना कळलं होतं. त्या गेल्यावर मी सरांना म्हटलं, "हळदीला जाल तेव्हा या बाईंचा चेहरा यादीत घ्या."

"लिस्ट भरली."

"अजून हळद व्हायची आहे. भरली कशी?"

"दीर, दिराचे दोन भागीदार, व्याही, दोन पुढारी, नवरा, नवरी. आठ. मोजा."

"एक पुढारी काढा."

सर माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी मांडवाचा खांब काढायला सांगितला होता. "मॅडम, तुम्ही पानं लावा," ते म्हणाले. मी पानं लावायला आत गेले. याचा मला अजून राग येतो, आणि तो सगळा सरांवरचा नाही.

लग्न झालं. कार्ड आलं. साडेतीन हजार फोटो. मी इतर कामं बाजूला ठेवून हिराबाईंना शोधायला बसले. विधवा बाई, त्यामुळे कन्यादानाला दीर-जाऊ बसलेले. हिराबाई मांडवाच्या खांबाला टेकून उभ्या. कुठे अर्ध्या, कुठे कुणाच्या खांद्यामागे, कुठे नुसती बांगड्यांची बाजू. एकसष्ट फोटोंत मला त्या सापडल्या. एकातही डोळे दिसत नव्हते.

मग पाठवणीचे फोटो आले. नवरी सगळ्यांच्या पाया पडत पडत पुढे येते, हिराबाईंच्या दिरापाशी थांबते, जावेपाशी थांबते आणि मग एकदम बाकीच्यांना सोडून खांबाकडे धावते. आईला मिठी मारते. हिराबाईंचं तोंड रडताना उघडलेलं, दोन्ही हात लेकीच्या पाठीवर, बोटं शालूत रुतलेली. सहा वर्षांत मी असा फोटो बघितला नव्हता. मी मोठा करून बघितला. दोघी पुसट. त्यांच्यामागे हातभर अंतरावर दीर उभा होता, कानाला मोबाइल लावून, दुसऱ्या हातानं कान खाजवत. त्याच्या पापण्या मोजता येत होत्या.

मी मोठ्यानं शिवी दिली. बाहेर गिऱ्हाईक बसलं होतं, त्यानंही ऐकली असेल.

सरांना दाखवलं तर म्हणाले, "सॉफ्टवेअर कशाला घेतलंय? चेहरा नीट करतं ते. मारा आणि बारा बाय अठराची प्रिंट काढा." हे सॉफ्टवेअर पुसट चेहरा घेतं आणि तिथं स्वच्छ चेहरा बसवतं. बसवतं म्हणजे रचतं. त्याला काय माहीत जासईची बाई कशी दिसते? त्यानं हिराबाईंना बत्तीस दात दिले. गोंदण हा डाग समजून पुसलं. दोन्ही डोळे एकसारखे केले. कातडी गुळगुळीत. एक देखणी, चाळिशीतली, कुठलीही बाई तयार झाली. बटण मी दाबलं. सरांनी सांगितलं म्हणून दाबलं, पण बोट माझंच होतं. प्रिंट काढली, फ्रेममध्ये घातली आणि स्वतःला सांगितलं की काहीच नसण्यापेक्षा बरं.

हिराबाई आल्या तेव्हा लेक जायला तीन दिवस राहिले होते. सरांनी स्वतः फ्रेम उचलून त्यांच्या हातात दिली. अशा वेळी ते पुढे असायचे. हिराबाईंनी पदरानं काच पुसली. जवळ धरली, लांब धरली. मग माझ्याकडे बघून विचारलं, "ही कोन?"

मी प्रिंटरकडे बघायला लागले.

"पोरगी माजी हाय," त्या म्हणाल्या. "पन ही मी नाय. पोरीनं दुसऱ्याच बाईला मिठी मारलेय."

सर समजावायला लागले. म्हणाले, आजकाल असंच करतात, मोठमोठ्या लग्नांत करतात, तरुण दिसताय उलट. हिराबाई ऐकत राहिल्या. आवाज चढवला नाही, रडल्या नाहीत. फ्रेम काउंटरवर पालथी ठेवली आणि म्हणाल्या, "त्या वक्ताला तुमी फोटो काढला तो दावा. मी रडत व्हते तो."

मी त्यांना आडोशाच्या आत नेलं आणि मॉनिटर त्यांच्याकडे फिरवायला लागले; सरही पहिल्यांदाच मागोमाग आत आले. सरांनी मला डोळे दाखवले. मी फिरवलाच. हिराबाई पडद्याजवळ गेल्या, इतक्या जवळ की त्यांचा श्वास काचेवर उमटला. पुसट हिराबाईंकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"हां," त्या म्हणाल्या. "ही मी. ह्योच द्या."

"हा आउट ऑफ फोकस आहे," सर म्हणाले.

"आसूं दे."

"यात तुम्ही दिसत नाही."

"मला दिसते ना."

"बाई, खाली माझं नाव छापलेलं असतं. असला फोटो माझ्या नावानं बाहेर जाणार नाही. तीस वर्षांत गेला नाही."

"तुमचं नाव कोनाला पायजे?" हिराबाई म्हणाल्या. अपमान करायचा म्हणून नाही हो, अगदी सरळ विचारलं. मला मात्र सहा वर्षांच्या तहानेवर थंडगार पाणी मिळाल्यासारखं झालं. आणि मी प्रिंटचं बटण दाबलं. सरांना विचारलं नाही. प्रिंटर सुरू झाला, कागद हळूहळू बाहेर यायला लागला, आणि आम्ही तिघं त्याच्याकडे बघत उभे राहिलो.

कागद बाहेर येताच सरांनी तो आधी उचलला. मला वाटलं फाडतात. पण ते बाहेर काउंटरमागे गेले, आम्ही त्यांच्या मागोमाग; त्यांनी पोलादी पट्टी आणि कातर काढली आणि खालची स्टुडिओच्या नावाची कड कापून टाकली. सरळ, एका रेषेत. मग कागद हिराबाईंच्या पुढे सरकवला. "न्या. माझा याच्याशी संबंध नाही."

हिराबाईंनी कागद घेतला नाही. त्यावर बोट ठेवलं.

"कातर हातात हायच, तर ह्याला पन काढा."

"कुणाला?"

त्यांचं बोट दिराच्या चेहऱ्यावर होतं.

सरांना खरंच समजेना. "अहो, या फोटोत नीट तेवढेच आलेत."

"त्याला मी रोज बगते," हिराबाई म्हणाल्या.

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी काही बोलेन असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी पट्टी ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली, आणि मग हातानंच कापायला सुरुवात केली, नवरीच्या पाठीवरची आईची बोटं वाचवत, शालूच्या काठावरून, खांद्याच्या कडेनं. कातर चांगली चालत होती. बारीक काम होतं आणि त्यांनी ते बारकाईनं केलं, तेवढं म्हणायला हवं. हिराबाईंनी उरलेला कागद दोन्ही हातांनी घेतला, दुमडला नाही, तसाच छातीशी धरून चपला घातल्या आणि रिक्षा शोधायला गेल्या.

मी आत जाऊन माझा डबा आणि चष्मा पिशवीत टाकला. बाहेर आले तेव्हा सर तिथेच उभे होते. हातात तो कापलेला तुकडा, त्यावर दीर, कान, मोबाइल, सगळं लख्ख. त्यांनी पायानं कचऱ्याचा डबा पुढे ओढला आणि तुकडा त्यावर धरला. धरूनच राहिले. मग दाराबाहेर एकदा बघितलं आणि तो चेहरा शर्टाच्या खिशात, चुरगळणार नाही असा, नीट ठेवला.